आडवळण कुणाचं?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके. त्यांच्याबद्दल लिहिताना सरकारी अहवालापासून वर्तमानपत्रापर्यंत एक ठरलेली विभागणी होते. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा. ऊस, द्राक्षं, कांदा, टोमॅटो, बाजार समित्या आणि पुणे-नाशिक महामार्ग. पश्चिमेकडे घाटघर, आंबे-हातवीज, आहुपे, तिरपाड, माळीण. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या. पूर्व भाग बागायती आणि पश्चिम भाग दुर्गम, असं म्हटलं की वर्णन संपतं. यातलं बागायतपण माणसाने घडवलेलं आहे हे सगळेच मान्य करतात. धरणं बांधली, कालवे काढले, म्हणून ते आलं. दुर्गमपण मात्र निसर्गाच्या खात्यात टाकलं जातं. डोंगर आहे, कडा आहे, पाऊस आहे, म्हणून गाव दुर्गम आहे. त्याला कोण काय करणार? या प्रकरणात मांडायचं आहे ते असं: पश्चिमेकडची ही खोरी आज आडवळणी आहेत यात शंका नाही, पण ती सह्याद्रीने आडवळणी केलेली नाहीत. त्यांच्या एकटेपणाला तारखा आहेत, कारणं आहेत आणि ती बहुतेक गेल्या दोनशे वर्षांतली आहेत.

हा मुद्दा नीट दिसावा म्हणून आधी पॅसिफिक महासागरात डोकावायला हवं. टोंगा हे पॉलिनेशियातलं राष्ट्र. त्याची सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे एकट्या जुन्नर तालुक्यापेक्षा पुष्कळ कमी, लोकसंख्या लाखभर. नकाशात ही बेटं निळ्या पोकळीत सांडलेल्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि पाहणारा सहज म्हणून जातो, की बिचारे जगापासून तुटलेले लोक. टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या नजरेवरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की बेटांवरच्या पूर्वजांना समुद्र कधी पोकळी वाटलाच नव्हता; तो त्यांचा रस्ता होता. टोंगा, सामोआ आणि फिजी यांच्यात लग्नं होत, व्यापार होई, लढाया होत, त्या सगळ्या पाण्यावरून. एकोणिसाव्या शतकात युरोपी सत्तांनी समुद्रावर रेषा ओढल्या, शेजारच्या बेटावर जाणं हा परदेशप्रवास ठरला आणि मग ही बेटं छोटी, गरीब आणि दूरची झाली. आता हजारो मैल पाण्याची आणि बाराशे-तेराशे मीटर उंच डोंगराची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. रूपात साम्य नाहीच. साम्य आहे ते नकाशा वाचणाऱ्याच्या चुकीत. ज्या जागेतून लोक ये-जा करत होते तीच जागा दोन्हीकडे अडथळा म्हणून वाचली गेली. तिकडे समुद्र, इकडे घाट.

हा डोंगर मुळात आहे कसा? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं. हा लाव्हा भूगर्भातल्या ज्या तप्त ठिकाणाहून आला ते ठिकाण आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड त्यावरून उत्तरेला सरकत गेला. म्हणजे शिवनेरीचा कातळ आणि एका जिवंत ज्वालामुखी बेटाचा कातळ यांचं मूळ एक. बेटांशी आणखी एक नातं जुन्नर तालुक्यातच जमिनीत दडलेलं आहे. कुकडीकाठच्या बोरी गावात नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला असून ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती त्याच्या कितव्या उद्रेकातली यावर अभ्यासकांत वाद आहे, पण या मातीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडतात, त्यामुळे तिची चर्चा जगभर झाली. थराथरांच्या या खडकाने प्रदेशाला त्याची ठेवण दिली. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे डोंगराच्या रांगा पसरलेल्या बोटांसारख्या जातात आणि त्यांच्या मधून नद्या वाहतात. स्थानिक बोलीत या खोऱ्यांना नेर म्हणतात: मढनेर, कुकडनेर, मीननेर, घोडनेर. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला तो जेमतेम सहाशे मिलिमीटरवर येतो. पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि सहा-सातशे मीटर खाली कोकण दिसतं.

इथेच नकाशा फसवतो. खोऱ्याचं तोंड पूर्वेला आणि कडा पश्चिमेला, म्हणजे वाट पूर्वेलाच असणार असं वाटतं. पण कड्याला ठिकठिकाणी खिंडी आहेत. नाणेघाट, दाऱ्याघाट, आहुपेघाट आणि भीमाशंकरहून खांडसकडे उतरणारे शिडीघाट व गणपतीघाट ही त्यांतली काही नावं. आहुपे गावातून तालुक्याचं ठाणं असलेलं घोडेगाव चाळीसेक किलोमीटरवर आहे. कोकणातलं, मुरबाड तालुक्यातलं खोपिवली घाट उतरलं की पायथ्याशीच. मोटारीने जाणाऱ्यासाठी आहुपे रस्त्याचं शेवटचं टोक. पायी जाणाऱ्यासाठी ते दोन मुलखांच्या मधलं गाव आहे. गाव एकच, जागाही तीच. प्रवासाचं साधन बदललं की ते मध्यावरून टोकाला जातं. दुर्गमता जमिनीवर मोजायची गोष्ट नाही, ती कुठून कुठे आणि कशाने जायचं यावर ठरते, याचा यापेक्षा साधा पुरावा मिळायचा नाही.

जुना पुरावा पाहायचा तर नाणेघाटासारखी जागा नाही. जुन्नरहून घाटघर ओलांडून गेलं की दोन कातळांच्या मधून एक अरुंद वाट कोकणात वैशाखऱ्याच्या दिशेला उतरते. वाटेच्या तोंडाशी एकसंध दगडाचा मोठा रांजण आहे. घाटाची जकात त्यात टाकली जाई असं परंपरा सांगते. थोडं खाली कातळात चौकोनी लेणं खोदलेलं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकातला. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेला आणला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या वाचनाला मोठा हातभार लावला. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या दक्षिणेची ती यादी आहे. आकडे लिहायच्या भारतीय पद्धतीच्या इतिहासात या लेखातल्या अंकचिन्हांना मानाचं स्थान आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. पुतळे गेले, वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावं उरली. राजघराण्याने स्वतःची थोरवी सांगायला जागा निवडली ती पैठणच्या राजवाड्यातली नव्हे, एका खिंडीतली. लोकांनी वाचावं म्हणून जो मजकूर कोरतात तो जिथे वर्दळ असते तिथेच कोरतात. कल्याण आणि सोपारा ही बंदरं एका बाजूला, पैठण आणि तेर दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यामधली ही चिंचोळी वाट म्हणजे त्या काळातला राजरस्ता होता.

ती वर्दळ कुणाची होती हे जुन्नरभोवतालच्या डोंगरांत लिहून ठेवलेलं आहे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात क्वचितच असतील. यांचे दाते राजेमहाराजे थोडे आणि साधे लोक जास्त. लेण्याद्रीचं चैत्यगृह देणारा सुलसदत्त हा कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा, म्हणजे घाटाखालच्या बंदरातला माणूस. इरिल, चिट आणि चंद या तिघांनी स्वतःला यवन म्हणवून घेतलं आहे. त्यांच्यापैकी एकाने पाण्याची टाकी, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप आणि तिसऱ्याने गर्भद्वार दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. आसपासच्या गावांतली जमीन करंजाची झाडं लावण्यासाठी दिल्याची नोंदही आहे. समुद्रापलीकडच्या माणसाचं नाव आणि खोऱ्यातल्या गावातल्या करंजाच्या झाडांची नोंद एकाच डोंगरावर सापडते, तेव्हा त्या मुलखाला जगापासून तुटलेला म्हणणं कठीण होतं.

हे सातवाहनांबरोबर संपलं असंही नाही. १४७० च्या सुमाराला अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौल बंदरात उतरला आणि तिथून जुन्नरला आला. पावसाळा त्याने इथेच काढला. दिवसरात्र पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरताहेत, पेरताहेत, हे त्याला नवलाचं वाटलं. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर परत देईन असं सांगितलं. पुढे एका बड्या माणसाच्या मध्यस्थीने तो सुटला. निकितीनने जुन्नरच्या दुर्गाचं वर्णन दगडी बेट असं केलं आहे. एका वेळी एकच माणूस जाईल अशी अरुंद वाट तिथे असल्याचंही तो सांगतो. वाट इतकी अरुंद असूनही व्होल्गाकाठचा व्यापारी तिथे पोचला, आणि अरबी-इराणी घोड्यांची किंमत तिथे ठाऊक होती. वीसेक वर्षांनी, १४९० मध्ये, मलिक अहमदने निजामशाही स्थापली ती जुन्नरातूनच. अहमदनगर शहर नंतरचं. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला. त्या धामधुमीच्या काळात शहाजीराजांनी कुटुंबासाठी हा किल्ला निवडला तो भक्कम म्हणून, आणि घाट व देश या दोहोंवर नजर राहते म्हणूनही. पुढे जुन्नरचा हातकागद मराठी दफ्तरांत गाजला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हा सगळा इतिहास वाटसरूंचा आहे. राणी, व्यापारी, सुलतान आणि रशियन प्रवासी हे सगळे डोंगरातून गेले, डोंगरात राहिले नाहीत. तांडा गावावरून जातो म्हणून गाव जगाशी जोडलं जात नाही. आजचा महामार्गही कितीतरी वाड्यांवरून जातो आणि त्यांना धुळीखेरीज काही देत नाही. आक्षेपात तथ्य आहे. नाणेघाटाच्या लेखात ओझी वाहणाऱ्याचं नाव नाही आणि लेण्यांच्या दात्यांत महादेव कोळी म्हणून ओळखू येईल असा कुणी नाही. पण पायी आणि बैलावर चालणारी वाहतूक आणि मोटारीची वाहतूक यांत मोठा फरक आहे. मोटार न थांबता जाते. बैल जात नाही. त्याला चारा लागतो, पाणी लागतं, घाट चढताना माणसं लागतात, मुक्कामाला दाणागोटा लागतो आणि चोरापासून राखण लागते. ही राखण अनेक शतकं कोळी नाईकांकडे होती. मराठी राजवटीत घाट आणि किल्ले सांभाळण्याबद्दल त्यांना वतनं आणि नेमणुका होत्या. शिवनेरीवर आजही कोळी चौथरा दाखवतात. मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांना तिथे मारलं गेलं अशी आठवण त्या जागेशी जोडलेली आहे. वाटेवर ज्यांचा काही हक्क नसतो त्यांना असं मारावं लागत नाही.

राजकारण बाजूला ठेवलं तरी रोजच्या जगण्यातली ये-जा उरतेच. महादेव कोळी समाज घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. जुन्नर, आंबेगाव आणि अकोल्याप्रमाणे मुरबाड, शहापुरातही. सोयरिकी कड्याच्या वरखाली होत आल्या आहेत. कोकणातून मीठ आणि सुके मासे वर येत. सुकट-बोंबील माथ्यावरच्या घरांना नवखे नाहीत. महाशिवरात्रीला खांडसच्या बाजूने घाट चढून येणारे लोक आजही भीमाशंकरला पोचतात. त्या देवळासमोरची मोठी घंटा युरोपी घडणीची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यानंतर ती आली असं मानतात. वसईच्या चर्चची घंटा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या रानात टांगली जाते, तेव्हा माथ्याचा आणि किनाऱ्याचा व्यवहार किती जुना आणि सवयीचा असेल याचा अंदाज येतो.

मग हे तुटलं कधी? पहिली तारीख १८१८. पेशवाई संपली आणि इंग्रजांनी डोंगरी किल्ले निकामी करण्याचं धोरण घेतलं. चावंड आणि जीवधन हे नाणेघाटाच्या वाटेवरचे पहारेकरी किल्ले. त्यांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. चावंडवर चढताना त्या तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी कातळाला बिलगून जावं लागतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, काय अवघड किल्ला! त्यातलं कातळाचं किती आणि दारूगोळ्याचं किती, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे. किल्ल्यांबरोबर शिबंदी गेली, घाटराखणीच्या नेमणुका गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या डोंगरांत कोळ्यांचे उठाव पुन्हा पुन्हा झाले. १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना ठाण्यात फाशी दिलं गेलं. सावकारी हे या उठावांचं एक कारण होतं, आणि हातातून गेलेला वाटेवरचा हक्क हे दुसरं. दुसरी तारीख १८६३. बोरघाटातून आगगाडी धावू लागली, दोन वर्षांनी थळघाटातून. मुंबई आणि देश यांच्यामधला माल या दोन लोखंडी वाटांवर गेला आणि त्यांच्या बरोबर मधला नाणेघाट रिकामा झाला. तिसरी तारीख १८७८. वनकायद्याने राखीव जंगलं ठरली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा टाहळ तोडणं, गुरं चारणं, हिरडा वेचणं हे हक्काचं काम परवानगीचं झालं. साठ वर्षांत वाट गेली, वाटेवरचं काम गेलं आणि रानावरचा हक्क गेला. डोंगर होता तिथेच होता.

माणसं मात्र घरी बसली नाहीत. या दोन तालुक्यांनी मुंबईला किती माणसं पुरवली याचा हिशेब मांडणं अवघड आहे, पण गिरण्या, गोदी आणि माथाडी कामगारांच्या चाळींत जुन्नर-आंबेगावचे लोक सगळीकडे होते. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. परदेशी कापडाच्या लॉरीसमोर उभे राहून १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत हुतात्मा झालेले बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे गिरणी कामगार. टोंगाची गोष्ट इथे पुन्हा आठवते. तिथल्या लोकांना न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांकडून येणारा पैसा हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे परावलंबन वाटतं. हाउओफा यांना ते जुन्याच ये-जा करण्याचं नवं रूप वाटलं. दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं खरं आहे. मुंबईची मनीऑर्डर हा गावाचा आधार होता हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की जो पूर्वी स्वतःच्या वाटेवर कमवत होता तो आता दुसऱ्याच्या शहरात कमवत होता.

स्वातंत्र्यानंतर या खोऱ्यांना पुन्हा एकदा महत्त्व आलं, ते पाण्यामुळे. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाऊस पडतो पश्चिमेला, धरणं झाली खोऱ्यांच्या तोंडाशी किंवा पोटात, आणि कालवे गेले पूर्वेला, जुन्नर-आंबेगावच्या सपाटीवर आणि पुढे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचंच नाव आहे. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिलं ते गावच या पाण्याखाली गेलं. घोडनेरातली खाचरं, घरं, देवळं आणि वाटाही गेल्या. नदी ओलांडून शेजारच्या वाडीला जाणारा माणूस जलाशयाला वळसा घालून जाऊ लागला. जलाशय भरल्यावर जी अंतरं वाढली ती निसर्गाने वाढवलेली नाहीत, हे सांगायला नकाशाचीही गरज नाही. आज पूर्वेकडचा टोमॅटो आणि ऊस ज्या पाण्यावर उभा आहे ते पाणी पश्चिमेचं, आणि तोडणी-खुरपणीला हंगामात जाणारे बरेचसे हातही पश्चिमेचेच. भातकापणी झाली की या वाड्यांमधली कुटुंबं नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर काम शोधतात. दोन भाग एकमेकांपासून तुटलेले नाहीत, उलट घट्ट बांधलेले आहेत. फक्त त्या बांधणीत पाणी आणि श्रम एका दिशेला जातात आणि विकास हा शब्द दुसऱ्या दिशेला राहतो.

दुसरा आक्षेप पहिल्याहून गंभीर आहे, कारण त्याच्या पाठीशी माणसांचे जीव आहेत. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गाडली गेली. निसर्ग इतका क्रूर असू शकतो तिथे दुर्गमता मानवनिर्मित आहे म्हणणं हा शहाजोगपणा नाही का? धोका निसर्गाचा आहे, हे निर्विवाद. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होतं. उतारावरच्या जमिनीच्या सपाटीकरणाचा त्यात वाटा किती, यावर मतभेद झाले. पण धोका आणि आडवळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोक्याची जागा मुंबईच्या उपनगरातही असते. माळीणमध्ये आडवळण दिसलं ते दुसऱ्या एका तपशिलात. गाव नाहीसं झाल्याची खबर बाहेर गेली ती रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. जिथे गाव असायचं तिथे त्याला चिखल दिसला. पाऊस मोजणारं यंत्र, धोक्याचा इशारा, उताराची तपासणी यांतलं काहीही त्या वाडीपर्यंत पोचलं नव्हतं, पोचत होती ती एक एसटी. हा तुटवडा डोंगराने निर्माण केलेला नाही. त्याच डोंगरातून पाण्याची पाहणी करणारे, धरणाची जागा आखणारे, जंगलाची हद्द मोजणारे लोक व्यवस्थित पोचले होते.

मग उपाय सोपा दिसतो: रस्ते करा. दाऱ्याघाटातून मोटाररस्ता किंवा बोगदा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि तिच्यामागची तळमळ खरी आहे. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा रस्त्याला पर्याय नसतो. पण रस्ता म्हणजे आपोआप जोडणं, हे माळशेज घाटाने खोटं पाडलं आहे. तिथून महामार्ग जातो, पावसाळ्यात धबधबे पाहणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते, आणि घाटाशेजारच्या वाड्यांच्या वाट्याला मक्याच्या कणसांच्या आणि चहाच्या टपऱ्या येतात. रस्त्याइतकाच प्रश्न त्यावरून जाणाऱ्या मालाच्या भावाचा आहे. हिरड्याचं उदाहरण पाहा. फळ कोवळं असतानाच तोडून उन्हात वाळवलं की काळाभोर, सुरकुतलेला बाळहिरडा तयार होतो. औषधांसाठी आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात हिरड्याला मागणी असते. झाड उंच, फांद्या ठिसूळ, तोडणाऱ्याचा जीव टांगणीला. भाव मात्र व्यापारी ठरवतो किंवा आदिवासी विकास महामंडळाची खरेदी चालू आहे की बंद यावर ठरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची असंख्य झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना दीर्घकाळ मोर्चे काढावे लागले. हिरडा अनेक घरांचं रोख उत्पन्न आहे ही गोष्ट कार्यालयांपर्यंत पोचायला वेळ लागला. हिरडा स्वतः बाजारात दरवर्षी वेळेवर पोचत होता.

वाट आणि वाटेवरचा हक्क या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं, याचं उदाहरण डिंभ्याच्याच पाण्यावर आहे. विस्थापित झालेले महादेव कोळी डोंगरातले भातशेतकरी; मोठ्या जलाशयातली मासेमारी त्यांच्या पिढीजात कामांपैकी नव्हती. शाश्वत या संस्थेच्या साथीने त्यांनी जाळी आणि होड्या हाताळायला घेतल्या, मच्छिमारांची सहकारी संस्था उभी केली आणि जलाशयातल्या माशांवर स्थानिकांचा हक्क मान्य व्हावा म्हणून भांडण केलं. उन्हाळ्याकडे पाणी ओसरतं तेव्हा उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पीक घ्यायला त्यांनी सुरुवात केली. ही गाळपेर जमीन त्यांच्याच बुडालेल्या शेतांची. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. एका पिढीत डोंगरी माणूस पाण्यावरचा झाला. अडचण भूगोलाची असती तर हे जमलं नसतं. भूगोल पूर्वीपेक्षा जास्त अवघड झालेला होता. बदलली ती एकच गोष्ट, पाण्यावर कुणाचा अधिकार याचं उत्तर.

म्हणून या खोऱ्यांकडे पाहताना अंतर कुठून मोजायचं हे आधी ठरवायला हवं. या गावांपैकी बरीचशी १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो आणि २००६ चा वनहक्क कायदा १८७८ पासून चालत आलेला अन्याय दुरुस्त करू पाहतो. कागदावर ही साधनं जोरकस आहेत. ती पुण्यातून किंवा घोडेगावातून गावापर्यंत न्यायची योजना म्हणून राबवली, तर आहुपे नेहमीच शेवटचं गाव राहील आणि जे शेवटी असतं त्याला उरलंसुरलं मिळतं. त्याच ग्रामसभेने स्वतःचं रान, स्वतःचं पाणी आणि स्वतःच्या वाटा यांचा आराखडा केला, तर मुरबाडची बाजारपेठ, भीमाशंकरचे यात्रेकरू, डिंभ्याचे मासे आणि नारायणगावची मजुरी हे सगळं तिच्या भोवतीच आहे. दोन हजार वर्षांत या मुलखाने फार तर दोनशे वर्षं टोकाला राहण्याची सवय केली आहे. हा त्याचा स्वभाव समजून धोरणं आखणं ही इतिहासाचीही चूक आहे आणि हिशेबाचीही.